मूळ दस्तऐवजातील दुरुस्ती

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर व अमरावती या जिल्ह्यांत आणि सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबारात, गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा आदिवासी जमातींमध्ये व अनेक दलित कुटुंबांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेली एक व्याधी आहे, तिला तेथील लोक आज 'सिकलसेल' याच नावाने ओळखतात. मूल सहा-आठ महिन्यांचे होते न होते तोच त्याच्या हातापायांना सूज येते. पुढे हाडे आणि सांधे असे ठणकू लागतात की थोरामोठ्यांनाही तो ठणका सोसवू नये. ताप, कावीळ आणि अशक्तपणा यांचे फेरे सुरू होतात, रक्त चढवण्याचे प्रसंग येतात, आणि शाळेतील हजेरीपेक्षा दवाखान्यातील हजेरी अधिक भरू लागते. मानवी जनुकसंपादनाच्या नीतीचा विचार बहुधा प्रयोगशाळेपासून किंवा भविष्यातील कल्पित गुणवंत बालकांपासून आरंभला जातो. प्रस्तुत प्रकरणात तो या व्याधीपासून आरंभण्याचे कारण असे की, ज्याला हे दुखणे ठाऊक नाही त्याला निसर्गाच्या लिखाणात हात घालू नये असा उपदेश करणे फार सोपे जाते, आणि ज्याच्या घरात ते आहे त्याला तो उपदेश ऐकून घेण्याचेही त्राण नसते.

या रोगाचे शास्त्रीय वर्णन प्रथम १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात, एरवी वाटोळ्या असणाऱ्या तांबड्या पेशींच्या जोडीला विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी त्यांच्या दृष्टीस पडल्या होत्या. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोषाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे; आणि १९५६ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष अखेर नेमका हुडकला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असावयाचे तेथे व्हॅलिन येऊन बसते, एवढाच काय तो फरक. सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या मानवी जनुकसंचात एका अक्षराच्या जागी दुसरे पडले, आणि तेवढ्याने प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू परस्परांस चिकटून त्यांचे ताठर धागे बनू लागले, पेशी वाकल्या, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्या, आणि ज्या ज्या अवयवाचा रक्तपुरवठा खंडित झाला तो तो अवयव वेदनेने बोलू लागला.

असे घातक अक्षर वंशपरंपरेत टिकून कसे राहिले, या प्रश्नाचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. आईकडून एक व बापाकडून एक अशा या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकास मिळतात; दोन्ही सदोष असतील तर तो मनुष्य रुग्ण होतो, एकच सदोष असेल तर तो केवळ वाहक राहून बहुधा निरोगी आयुष्य कंठतो, आणि दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारात एक इतका असतो. पूर्व आफ्रिकेत संशोधन करणाऱ्या अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले की हे वाहक मारक हिवतापाला इतरांहून पुष्कळच कमी बळी पडतात. म्हणजे जेथे हिवतापाचे थैमान होते त्या अरण्यप्रदेशांत एक सदोष प्रत ही आपत्ती नव्हती, तर संरक्षण होते. जनुकांवर 'चांगले' आणि 'वाईट' असे शिक्के मारावयास निघालेल्या कोणासही हे उदाहरण विसरून चालणार नाही, कारण तो शिक्का देश, काल आणि परिस्थिती यांच्या निरपेक्ष कधीच असत नाही.

आता त्या अक्षराला हात घालू शकणाऱ्या साधनाकडे वळू. १९८७ साली ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो व त्यांचे सहकारी आतड्यातील एका जिवाणूचा अभ्यास करीत असता त्यांना त्याच्या डीएनएमध्ये ठराविक अंतराने पुन्हापुन्हा येणारा एक अक्षरक्रम आढळला. त्याचे प्रयोजन मात्र तेव्हा उकलले नाही. स्पेनच्या किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीतील सूक्ष्मजीवांत तसेच क्रम पाहणारे फ्रान्सिस्को मोहिका यांनी पुढे असा तर्क मांडला की या पुनरावृत्त क्रमांच्या मधल्या जागांत पूर्वी हल्ला करून गेलेल्या विषाणूंचे अंश जपून ठेवलेले असून ही जिवाणूंची प्रतिकारव्यवस्था असावी. दही आणि चीज यांसाठी विरजण तयार करणाऱ्या डॅनिस्को या कंपनीतील शास्त्रज्ञांनी २००७ साली तो तर्क प्रयोगाने सिद्ध केला, आणि २०१२ साली एमान्युएल शारपाँतिए व जेनिफर डाउडना यांनी असे दाखवले की, या व्यवस्थेतील 'कॅस-९' नावाच्या प्रथिनास हव्या त्या अक्षरक्रमाचा आरएनए मार्गदर्शक म्हणून जोडून दिला तर ते प्रथिन डीएनएच्या नेमक्या त्याच स्थळी जाऊन त्याचे दोन्ही धागे छेदते. छेदलेला डीएनए पेशी स्वतःच सांधते, आणि त्या सांधण्याच्या क्रियेतच एखादे जनुक निकामी करण्याची अथवा नवा मजकूर घालण्याची संधी मिळते. 'क्रिस्पर' या नावाने आज सर्वतोमुखी झालेले तंत्र ते हेच. त्याबद्दल या दोघींना २०२० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या तंत्राने मान्यता मिळवलेला पहिला उपचार नेमका सिकलसेलवरचाच निघावा, हा योगायोग खचित नव्हे, कारण एका अक्षराने होणारा आणि रक्ताच्या मूलपेशींत गाठता येणारा असा दुसरा सुपरिचित रोग सहसा सापडत नाही. 'कॅसजेव्ही' या नावाच्या उपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी व अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी परवानगी दिली. त्याची युक्ती मोठी मार्मिक आहे. गर्भावस्थेत मनुष्याच्या रक्तात वेगळ्या घडणीचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत 'बीसीएल-११-ए' हे जनुक त्याची निर्मिती आवरते, आणि म्हणूनच हा रोग नवजात बालकात दिसत नाही. रुग्णाच्या मूलपेशी शरीराबाहेर काढून, तांबड्या पेशी घडविताना या जनुकाला चालना देणारा मजकूर तेवढा छेदला की आवर सुटतो व गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा निर्माण होऊ लागते. मूळचे चुकीचे अक्षर जेथल्या तेथे राहते. त्याची उपद्रवशक्ती तेवढी हरण होते. अमेरिकेतील परवानगीच्या वेळी ज्यांचे निष्कर्ष काढण्याइतके निरीक्षण झाले होते अशा ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेच्या झटक्यांपासून मुक्त राहिले होते. हा उपचार सुखाचा मात्र नाही. दुरुस्त पेशींना जागा व्हावी म्हणून जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधांनी नष्ट करावी लागते, त्यात अपत्यक्षमता गमावण्याचाही धोका असतो, आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांच्या घरात ठरविण्यात आली.

येथवर नीतीचा जो प्रश्न उद्भवतो तो वैद्यकाला अपरिचित नाही. रुग्ण सज्ञान आहे, धोका त्याला समजावून सांगितलेला आहे, संमती त्याची आहे, आणि जे काही बरेवाईट होईल ते त्याच्या देहाबरोबर संपणार आहे. एखाद्या वतनाच्या मूळ सनदेवरून कुटुंबातील प्रत्येकास नक्कल मिळालेली असावी आणि एकाने आपल्यापुरत्या नकलेत खाडाखोड करावी, तसे हे आहे. परंतु तीच खाडाखोड बीजपेशींत किंवा गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत केली, तर ती मूळ सनदेतच होते. पुढे जन्मणारा प्रत्येक वारस त्याच सनदेवरून नक्कल उतरवून घेणार, आणि त्यांपैकी एकाचीही सही त्या दुरुस्तीखाली असणार नाही. पहिल्या प्रकारास कायिक संपादन व दुसऱ्यास आनुवंशिक संपादन म्हणतात, आणि या क्षेत्रातील नैतिक वादाचा बहुतेक सारा भार या दुसऱ्या प्रकारावर आहे.

तो वाद २०१५ पर्यंत तात्त्विक होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्वांगझू येथील सुन यत-सेन विद्यापीठातील संशोधकांनी, जन्मास येणे शक्यच नव्हते अशा ८६ मानवी भ्रूणांवर क्रिस्परचा प्रयोग केल्याचे जाहीर केले. अपेक्षित दुरुस्ती त्यांतील थोड्याच भ्रूणांत झाली होती आणि नको त्या ठिकाणीही छेद पडले होते. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असा अभिप्राय दिला की, सुरक्षिततेची खात्री आणि समाजाची व्यापक सहमती या दोन्ही गोष्टी साधल्यावाचून असे भ्रूण गर्भाशयात रोवणे बेजबाबदारपणाचे ठरेल. तीन वर्षे पुरती होण्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, हाँगकाँग येथील दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर शेंझेनच्या एका विद्यापीठातील सहयोगी प्राध्यापक हे ज्यानक्वी यांनी जाहीर केले की जनुके बदललेल्या जुळ्या मुली त्यांच्या प्रयोगातून जन्मास आल्या आहेत.

या प्रकरणाचा तपशील पाहण्याजोगा आहे, कारण प्रत्येक पायरीवर काय चुकू शकते याचा तो धडाच आहे. मुलींचे वडील एचआयव्हीबाधित होते, आणि एचआयव्हीला पेशीत शिरण्यासाठी लागणारे सीसीआर-५ हे जनुक निकामी करून मुलींना त्या विषाणूपासून अभय द्यावे, असा हेतू सांगण्यात आला. परंतु वडिलांचे शुक्राणू धुऊन कृत्रिम गर्भधारणा करण्याची रीत आधीच उपलब्ध होती व तिने गर्भास होणारा संसर्ग टळत होता; म्हणजे ज्या रोगावर हा इलाज, तो त्या भ्रूणांना नव्हताच. उत्तर युरोपीय वंशाच्या काही लोकांत सीसीआर-५ मधील जो नैसर्गिक बदल एचआयव्हीपासून संरक्षण देतो, तो हुबेहूब बदलही या मुलींत घडला नाही. भलतेच, पूर्वी कधी न पाहिलेले बदल घडले, आणि तेही सर्व पेशींत सारखे झाल्याची खात्री नव्हती. शिवाय ज्यांच्यात हे जनुक मुळातच निकामी असते, त्यांना वेस्ट नाईल विषाणूचा संसर्ग झाल्यास तो अधिक तीव्र होण्याचा संभव असतो; एका दाराला लावलेले कुलूप दुसरे दार उघडे टाकते, ही सिकलसेल-हिवतापाचीच कथा येथे उलट्या क्रमाने आली. पालकांच्या संमतिपत्रात प्रकल्पाचे वर्णन एड्सवरील लस-विकासाचा प्रकल्प असे होते, आणि नीतिसमितीच्या मंजुरीचे कागद बनावट असल्याचे न्यायालयास आढळले. ३० डिसेंबर २०१९ रोजी शेंझेनच्या न्यायालयाने हे ज्यानक्वी यांना तीन वर्षांचा तुरुंगवास व ३० लाख युआन दंड सुनावला. तोवर तिसरे मूलही जन्मले होते. २०२१ पासून चीनच्या फौजदारी कायद्यातच अशा कृत्याचा समावेश करण्यात आला.

आनुवंशिक संपादनाविरुद्ध संमतीचा जो मुद्दा पुढे केला जातो तो वजनदार असला, तरी तेवढ्यावर विसंबून राहणे उचित नव्हे. कोणतेही मूल आपल्या जन्मास संमती देत नाही; त्याला लस टोचणे, त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे, त्याची भाषा आणि शाळा ठरविणे, हे सारे आईबाप त्याच्या वतीने करतात आणि ते योग्यच मानले जाते. मग आपल्या अपत्याला सिकलसेल होऊ नये असे दोन वाहकांना वाटले, तर त्यांना कोणत्या तोंडाने हरकत घ्यावी? या आक्षेपाचे खरे उत्तर गरजेच्या कसोटीत आहे. दोन वाहकांच्या भ्रूणांपैकी सरासरीने चारांत तीन भ्रूण या रोगापासून मुक्तच असतात. प्रयोगशाळेत तपासून त्यांतील एक निवडता येतो, आणि त्यासाठी कोणाचेही जनुक छेदावे लागत नाही. भ्रूणाची निवड हाही काहींना नैतिकदृष्ट्या मान्य नसलेला मार्ग आहे, परंतु तेथे अज्ञात बदल वंशात शिरत नाही. आईबाप दोघेही रुग्णच आहेत आणि त्यांचे प्रत्येक अपत्य रुग्ण होणार आहे, असा प्रसंग येतो खरा, परंतु तो विरळा. आणि विरळ्या प्रसंगासाठी उघडलेला दरवाजा विरळ्या प्रसंगापुरताच उघडा राहील की नाही, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

याचे उत्तर शास्त्र देऊ शकत नाही. इतिहास थोडेबहुत देऊ शकतो. १८८३ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी सुप्रजाशास्त्राचे नामकरण केले. १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने 'अयोग्य' ठरविलेल्या लोकांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा तशाच प्रकारचा कायदा ग्राह्य धरला. आणि १९३३ साली जर्मनीत झालेल्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी करण्यात आली. हा विचार त्या काळी केवळ दुष्टांचा होता असे समजणे आत्मवंचना ठरेल. मराठी वाचक ज्यांना कादंबरीकार म्हणून ओळखतात त्या ना. सी. फडके यांनी १९२७ साली भारतात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तो त्या काळच्या सुशिक्षितांना पुरोगामीच वाटला. उलटपक्षी, त्याच सुमारास बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांची मोजमापे घेणाऱ्या इरावती कर्वे यांना, वंशश्रेष्ठत्वाला पोषक होईल असा जो फरक गुरूला अपेक्षित होता तो मापांत दिसला नाही, आणि त्यांनी तसे आपल्या प्रबंधात नमूद केले. शास्त्राच्या नावावर समाज आपल्या आवडीनिवडी कशा खपवतो, आणि प्रामाणिक शास्त्र त्यास कोठे अडवू शकते, हे दोन्ही मराठी बुद्धिजीवनाच्या या एका दशकातच पाहावयास मिळते.

याहूनही जवळचा आणि याहून कठोर दाखला गर्भजलपरीक्षेचा आहे. ही परीक्षा १९७०च्या दशकात भारतात आली ती गर्भातील आनुवंशिक विकृती ओळखण्यासाठी. परंतु गर्भाचे लिंगही तिने कळते हे ध्यानात येताच मुंबईपासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत तिचा उपयोग मुलीचा गर्भ हुडकून पाडण्यासाठी होऊ लागला, आणि आजचा थोडा खर्च उद्याचा हुंडा वाचवील अशा आशयाच्या जाहिराती उघड लागल्या. मुंबईतील स्त्री-संघटनांनी व काही डॉक्टरांनी निकराने चालविलेल्या आंदोलनामुळे महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला व पुढे गर्भधारणापूर्व निवडीसही लागू करण्यात आला. तथापि कायदा असूनही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ती ८०७ भरली. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या रोगांसाठी ही परीक्षा करण्यास त्या कायद्याने मुभा ठेवली आहे, त्यांत हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांचा, म्हणजे सिकलसेलचाही, स्पष्ट निर्देश आहे. एकच सुई एका घरी रोग ओळखते व दुसऱ्या घरी मुलगी ओळखते. आणि तिचा कोणता उपयोग होईल हे सुई बनविणाऱ्याने नव्हे, तर घराघरांत रुजलेल्या इच्छेने ठरविले.

म्हणूनच जनुकसंपादनाच्या बाबतीत रोगनिवारण आणि गुणवर्धन यांच्यामध्ये तज्ज्ञ जी रेषा आखतात, तिच्यावर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. जेथे गोऱ्या वर्णाची मागणी विवाहाच्या जाहिरातींत निःसंकोचपणे छापली जाते, तेथे कातडीचा रंग उद्या 'दोषां'च्या यादीत कोणीच घालणार नाही असे कोण म्हणेल? उंची, बुद्धी आणि स्वभाव यांच्यामागे शेकडो-हजारो जनुकांचा अल्प अल्प वाटा असल्यामुळे ही मागणी आज पुरविता येण्यासारखी नाही, हे खरे. परंतु पुरविता येत नाही म्हणून ती विकली जात नाही, असा बाजाराचा अनुभव नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी आनुवंशिक जनुकोपचारास मज्जाव केलेला आहे, आणि लंडन येथे मार्च २०२३ मध्ये भरलेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही असा उपचार तूर्त अस्वीकार्य ठरविला. हा मज्जाव योग्य आहे, परंतु तो पाळणे एवढ्यानेच आपली नीती शाबूत राहिली असे मानणे ही पळवाट होईल, कारण दुसरीकडे कायिक उपचाराचे अपरिमित सामर्थ्य कोणाच्या वाट्यास येणार हा प्रश्न उरतोच. १८ कोटींचा इलाज गडचिरोलीतील एटापल्लीच्या किंवा नंदुरबारातील धडगावच्या मुलापर्यंत पोहोचणार नाही. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेलचे निर्मूलन करण्याचे अभियान सुरू केले असून, सात कोटी लोकांची तपासणी व विवाहपूर्व समुपदेशन हा त्याचा गाभा आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या राष्ट्रीय संस्थेने सिकलसेलसाठी स्वदेशी क्रिस्पर-उपचार विकसित करून त्यास बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ 'बिरसा १०१' असे नाव दिले, आणि तो स्वस्तात तयार व्हावा म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार केला. या प्रयत्नांना यश येवो. परंतु तोपर्यंत या व्याधीवरील हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळाव्यात, वेळेवर रक्त मिळावे, आणि वाहक म्हणून नोंदल्या गेलेल्या मुलीचे लग्न त्या नोंदीपायी मोडू नये, या मागण्या त्याहून कमी नैतिक नाहीत.

तात्पर्य, यापुढे जनुकसंपादनाचा कोणताही प्रस्ताव समोर येईल तेव्हा त्यास तीन प्रश्न विचारावेत. हे दुखणे ज्याचे आहे त्याला विचारले आहे काय. कोणाच्याही वंशात हात न घालता ते दूर होण्याजोगे आहे काय. आणि आज रोगासाठी दिलेली मुभा उद्या समाजाच्या हावेसाठी वापरली गेली तर ती परत घेण्याची ताकद कायद्यात आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञ व रुग्ण मिळून देऊ शकतील. तिसऱ्याचे उत्तर महाराष्ट्राने १९८८ नंतर स्वतःच्या जनगणनेत वाचलेले आहे, आणि ते जोवर निःसंदिग्धपणे 'होय' असे होत नाही, तोवर मूळ सनदेस हात लावू न देणे हेच शहाणपणाचे.